तिरप्या रेघेपलीकडचा रुग्ण : महासाथीतील रुग्णालयोत्तर शुश्रूषेच्या नियोजनाची चिकित्सा

प्रस्तावना

२०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोविडच्या आकडेवारीचा जो तक्ता दररोज प्रसिद्ध होत असे, त्यातील एका रकान्याचे इंग्रजी शीर्षक ‘क्युअर्ड/डिस्चार्ज्ड/मायग्रेटेड’ असे होते. बरे झालेले, घरी सोडलेले आणि अन्यत्र निघून गेलेले अशा तीन प्रकारच्या माणसांची बेरीज त्या एका रकान्यात होत होती आणि त्या तिघांना जोडणारे चिन्ह होते एक तिरपी रेघ. आपल्याकडील वृत्तपत्रांनी व जिल्हा प्रशासनाच्या पत्रकांनी या शीर्षकाचे मराठी केले ते ‘बरे होऊन घरी परतले’ असे. भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. ‘होऊन’ हे पूर्वकालवाचक रूप आहे. आधी बरे होणे घडले आणि मग घरी परतणे घडले, असा क्रम ते सांगते. प्रत्यक्षात असंख्य घरांमध्ये हा क्रम उलटा होता. माणूस घरी परतला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी बरा झाला, अर्धवट बरा झाला किंवा झालाच नाही. तक्त्यातील तिरप्या रेघेने आणि मराठीतील ‘ऊन’ प्रत्ययाने हा मधला काळ पुसून टाकला.

हा मधला काळ हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आजाराची तीव्र अवस्था ओसरल्यावर, रुग्णालयातील खाट सुटल्यावर आणि पूर्ववत जगणे सुरू होण्यापूर्वी रुग्णाला जी शुश्रूषा, देखरेख व पुनर्वसन लागते, तिला येथे ‘रुग्णालयोत्तर शुश्रूषा’ असे म्हटले आहे. महासाथीच्या काळात या शुश्रूषेचे नियोजन कसे झाले, हे त्या काळातील शासकीय संहितांच्या वाचनातून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखिका वैद्यकशास्त्राची अभ्यासक नाही, त्यामुळे अमुक औषध योग्य की अयोग्य या वादात लेख शिरत नाही. शासकीय दस्तऐवज हीदेखील एक संहिता असते, तिला कर्ता असतो, संबोधित वाचक असतो, तिच्यात काही उच्चारलेले आणि काही गाळलेले असते. तेव्हा साहित्याच्या वाचनाची जी साधने आपण कथा-कादंबरीला लावतो, ती येथेही लावता येतात, एवढीच भूमिका आहे. या वाचनातून जे हाती येते ते थोडक्यात असे : आपल्याकडील नियोजनाने रुग्णाचे घर ही एक सुसज्ज आरोग्यसंस्था आहे असे मनोमन गृहीत धरले, मात्र त्या संस्थेची पाहणी केली नाही, तिच्यातील मनुष्यबळ मोजले नाही आणि तिच्यात काय बिघडले याची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही केली नाही.

संज्ञेचा प्रश्न

अमेरिकेत ‘पोस्ट-अ‍ॅक्यूट केअर’ ही संज्ञा मुख्यतः मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सार्वजनिक विमा योजनेच्या व्यवहारातून रूढ झाली. प्रशिक्षित परिचारिकांची शुश्रूषालये, पुनर्वसन रुग्णालये, दीर्घ मुदतीची रुग्णालये आणि घरी येऊन दिली जाणारी सेवा असे तिचे चार प्रकार तेथे मानले जातात. प्रत्येक प्रकारासाठी पात्रतेचे निकष आहेत आणि पैसे कोणी द्यायचे याचे नियम आहेत. संज्ञा आहे म्हणजे सेवा चांगली आहे असे नव्हे; परंतु संज्ञा असली की निदान भांडता येते.

मराठीत या संज्ञेला प्रतिशब्द नाही. ‘नर्सिंग होम’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो, पण त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘नर्सिंग होम’ म्हणजे एखाद्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे खाजगी इस्पितळ किंवा प्रसूतिगृह. १९४९ च्या नोंदणी कायद्यातही हा शब्द आजारी माणसाला दाखल करून घेऊन उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेसाठी आला आहे आणि प्रसूतिगृहाचा त्यात समावेश आहे. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर काही आठवडे राहण्याचे ठिकाण, हा अर्थ आपण या शब्दात कधी भरलाच नाही. अशी ठिकाणे मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. देवळाली, माथेरान, पाचगणी येथे ‘सॅनिटोरियम’ नावाच्या वास्तू होत्या आणि हवापालटासाठी माणसे तेथे जाऊन राहत. परंतु त्यांतील पुष्कळशा जातीजमातींच्या धर्मादाय निधीतून उभ्या राहिल्या होत्या आणि पुढे क्षयावर औषधे आल्यावर त्यांचा मूळ हेतू मागे पडून त्या सुटीत उतरण्याच्या जागा झाल्या.

प्रशासनाच्या मराठीत शब्द नसला, तरी घरातल्या मराठीत या काळासाठी शब्दांची चंगळ आहे. उतार पडणे, पथ्यपाणी, तोंडाला चव येणे, अंग धरणे, दुखण्यातून उठणे ही त्यांतली काही रूपे. यांतही ‘आजारपण काढणे’ हा वाक्प्रयोग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘तिने सासऱ्यांचे आजारपण काढले’ असे आपण म्हणतो तेव्हा आजार सासऱ्यांचा असतो, परंतु वाक्यातली क्रिया तिची असते. शुश्रूषा हे श्रम आहेत आणि ते कोणीतरी दिवस मोजत करते, हे या भाषेला पुरते ठाऊक आहे. बाळंतिणीच्या बाबतीत तर आपल्या समाजाने या काळाचे रीतसर नियोजन केले होते. सव्वा महिना ही मुदत, माहेर हे ठिकाण, डिंकाचे व अळिवाचे लाडू हा आहार, तेल लावून न्हाऊमाखू घालणारी बाई हे मनुष्यबळ. ही व्यवस्था आदर्श होती असे सुचवायचे नाही. तिचा सगळा भार बाळंतिणीच्या आईवर पडे आणि जिला माहेर नाही तिचे काय, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हते. तरीही कोठे, किती दिवस, काय खाऊन आणि कोणाच्या हाताखाली या चारही प्रश्नांची उत्तरे तिने दिली होती, हे मान्य करावे लागते. कोविडच्या शासकीय संहिता वाचताना याच चार प्रश्नांची उत्तरे शोधणे उपयुक्त ठरते.

मे २०२० : सोडण्याचे धोरण

८ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांना घरी सोडण्याचे सुधारित धोरण जाहीर केले. तोपर्यंत आरटी-पीसीआर चाचणी दोनदा नकारार्थी आल्याखेरीज रुग्णाला सोडले जात नसे. नव्या धोरणात सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी व तीन दिवस ताप नसल्यास चाचणीविना सोडण्याची मुभा मिळाली. मध्यम स्वरूपाच्या रुग्णासाठी ताप, धाप व प्राणवायूची गरज यांचे निकष घातले गेले आणि एका चाचणीची अट केवळ गंभीर रुग्णांपुरती उरली. या धोरणावर त्या वेळी बरीच टीका झाली. ती टीका सरसकट न्याय्य होती असे वाटत नाही. सौम्य आजारात दहा दिवसांनंतर संसर्गक्षमता बहुधा उरत नाही, हे तोवर स्पष्ट होऊ लागले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्याच्या २७ तारखेला दोन चाचण्यांचा आग्रह सोडला. तेव्हा रुग्ण इतरांना धोकादायक आहे काय, या प्रश्नाचे धोरणाने दिलेले उत्तर बऱ्याच अंशी बरोबर होते. अडचण अशी की धोरणाने विचारलेला प्रश्न तेवढाच होता. रुग्णाला स्वतःला आता कशाची गरज आहे, हा दुसरा प्रश्न संहितेत जवळपास नाही.

जेथे तो डोकावतो तेथील वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. घरी गेल्यावर रुग्णाने आणखी सात दिवस विलग राहावे व स्वतःच्या प्रकृतीवर स्वतःच लक्ष ठेवावे. पुन्हा ताप, खोकला वा श्वासाचा त्रास झाल्यास कोविड केंद्राशी अथवा १०७५ या क्रमांकाशी संपर्क साधावा. चौदाव्या दिवशी दूरसंभाषणाद्वारे त्याच्या प्रकृतीचा पाठपुरावा केला जाईल, असा त्या मजकुराचा आशय आहे. पहिल्या दोन वाक्यांत कर्ता स्पष्ट आहे आणि तो रुग्ण आहे. तिसऱ्या वाक्यात शासनाने काही करायचे आहे, आणि नेमका तेथे प्रयोग कर्मणी होतो, कर्ता नाहीसा होतो. पाठपुरावा ‘केला जाईल’. कोणाकडून, कोणत्या यादीवरून, फोन लागला नाही तर पुढे काय, हे वाक्यात नाही. शासकीय गद्यात कर्मणी प्रयोग नेहमीचाच आहे हे खरे. परंतु साथीच्या काळात कर्ता नसलेले वाक्य म्हणजे जबाबदार कर्मचारी नसलेली सेवा असते.

याच संहितेशेजारी घरगुती विलगीकरणाच्या १० मे २०२० च्या सूचना ठेवून पाहाव्यात. अतिसौम्य लक्षणांच्या ज्या रुग्णाला रुग्णालयाची पायरीही चढायची नव्हती, त्याच्यासाठी तेथे घराची पात्रता ठरवली होती. विलगीकरणाची सोय असलेले घर हवे, चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती हवी आणि तिचा रुग्णालयाशी संपर्क हवा, अशा अटी होत्या. ८ मेच्या धोरणात मात्र अतिदक्षता विभागातून उठून आलेल्या माणसाच्या घरासाठी अशी एकही अट आढळत नाही. दोन दिवसांच्या अंतराने निघालेल्या या दोन संहितांपैकी पहिलीत घराची चौकशी नाही, दुसरीत आहे. याचे कारण उघड आहे. दुसऱ्या ठिकाणी घर हे संसर्ग अडवण्याचे साधन होते म्हणून त्याची परीक्षा झाली; पहिल्या ठिकाणी घर फक्त खाट रिकामी झाल्यावर रुग्ण जेथे जातो ते ठिकाण होते. वास्तविक अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या रुग्णांमध्ये स्नायूंची दुर्बलता, स्मरणशक्तीचे व एकाग्रतेचे विकार, भीती व नैराश्य दीर्घकाळ टिकून राहते, ही गोष्ट ‘पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ या नावाने महासाथीच्या आधीच वैद्यकीय वाङ्मयात प्रस्थापित झालेली होती. विषाणू नवा होता. दुखण्यातून उठणारे शरीर मात्र नवे नव्हते.

सप्टेंबर २०२० : एका महिन्यातील तीन संहिता

१३ सप्टेंबर २०२० रोजी मंत्रालयाने ‘पोस्ट कोविड मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. आपल्या विषयाची दखल घेणारी ही पहिली राष्ट्रीय संहिता होय आणि त्या दृष्टीने तिचे स्वागत करायला हवे. थकवा, अंगदुखी, खोकला, घसा दुखणे, श्वास घेण्यास त्रास ही लक्षणे बरे झालेल्या रुग्णातही राहू शकतात, असे तिने मान्य केले. धोक्याची लक्षणेही सांगितली : तीव्र ताप, धाप, प्राणवायूची पातळी ९५ टक्क्यांखाली जाणे, छातीत अकारण दुखणे, नव्याने उद्भवलेला मानसिक गोंधळ, शरीराच्या एखाद्या भागात येणारी दुर्बलता. पहिली भेट, प्रत्यक्ष अथवा दूरध्वनीवरून, सात दिवसांच्या आत व्हावी असेही म्हटले.

परंतु या संहितेचा मोठा भाग रुग्णाने स्वतः करावयाच्या गोष्टींनी व्यापला आहे. कोमट पाणी प्यावे, योगासने, प्राणायाम व ध्यान करावे, झेपेल तितके चालावे, पौष्टिक व पचायला हलका आहार घ्यावा, पुरेशी झोप व विश्रांती घ्यावी, धूम्रपान व मद्य टाळावे, ताप, रक्तदाब, रक्तातील साखर घरीच तपासावी. आयुष काढा, अश्वगंधा, च्यवनप्राश, हळदीचे दूध यांचाही उल्लेख आहे. यातले बरेचसे सल्ले निरुपद्रवी आहेत आणि आपल्या आज्यांनीही तेच दिले असते. प्रश्न सल्ल्याच्या गुणवत्तेचा नाही. नियोजनाच्या संहितेत विध्यर्थी क्रियापदे कोणाला उद्देशून आहेत हे पाहिले, तर ‘-वे’ प्रत्ययान्त जवळपास प्रत्येक क्रिया रुग्णाच्या वाट्याला आलेली दिसते. समाजाच्या पातळीवर बरे झालेल्यांनी आपले सकारात्मक अनुभव सांगावेत, बचतगट व स्वयंसेवी संस्था यांचे साहाय्य घ्यावे असे सुचवले आहे. तेथेही साहाय्य ‘घेणारा’ रुग्णच आहे, ‘देण्याचे’ बंधन कोणावर नाही. फुप्फुसाची ताकद परत आणण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ किती लागतील, ते तालुक्यात आहेत काय, त्यांचे शुल्क कोण देईल, याविषयी संहिता मौन बाळगते. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना राज्यातील सर्वांसाठी खुली केली हे निश्चितच मोठे पाऊल होते. मात्र तिचाही पाया रुग्णालयात दाखल होऊन घेतलेला उपचार हाच आहे.

दोनच दिवसांनी, १५ सप्टेंबरला महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. पथके घरोघर गेली, ताप व प्राणवायूची पातळी मोजली गेली, सहव्याधींची नोंद झाली. रुग्ण शोधण्याची मोहीम म्हणून तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, आणि आशा व अंगणवाडी सेविकांनी त्या पावसात केलेली पायपीट तर विसरता येणार नाही. पण मोहिमेचे नाव एक विधान करते. ते नाव प्रथमपुरुषी आहे. नागरिकाच्या तोंडी घातलेले आहे. राज्यातल्या कोट्यवधी घरांच्या दारांवर चिकटवलेल्या या चार शब्दांत कुटुंब आणि जबाबदारी यांची मालकी एकाच माणसाकडे दिलेली आहे. हे पथक बरे होऊन आलेल्या माणसाची चौकशीही करून गेले असते, तर त्याच पायपिटीत रुग्णालयोत्तर शुश्रूषेची पहिली नोंदवही तयार झाली असती.

‘माझे’ म्हणजे नेमके कोणाचे, याचे उत्तर त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या संहितेत मिळते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मधील वेळ-वापर पाहणीचा अहवाल २९ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केला. कुटुंबासाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के होते. घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर १३४ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ७६. हे चित्र महासाथीपूर्वीचे आहे. म्हणजे ज्या ‘घरा’कडे सप्टेंबर २०२० मध्ये आजारपण सोपवले जात होते, त्या घरात दिवसाचे पाच तास आधीच खर्ची पडलेली एक बाई उभी होती. एका शासनाच्या दोन कार्यालयांनी सोळा दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध केलेले हे दोन दस्तऐवज परस्परांना ओळखत नाहीत. नियोजन करणाऱ्याने मोजणाऱ्याला विचारले असते, तर रोज वाफ देणे, गुळण्यांचे पाणी करणे, वेगळी भांडी घासणे, पचायला हलके रांधणे आणि रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहिणे या कामांना कर्ता मिळाला असता.

इंग्लंडचा दाखला

लेखी व तपशीलवार नियोजन असते तर सारे सुरळीत झाले असते काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो रास्त आहे आणि त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पाहणे उद्बोधक ठरते. तेथे १९ मार्च २०२० रोजी रुग्णालयातून सोडण्याविषयीचे जे नियम निघाले, त्यांत आपल्या संहितांत नसलेले बरेच काही होते. रुग्णांचे चार मार्ग आखले होते : सुमारे ५० टक्के रुग्ण विशेष मदतीविना घरी जातील, ४५ टक्क्यांना घरी मदत लागेल, ४ टक्क्यांना पुनर्वसनाची खाट लागेल आणि १ टक्का घरी परतू शकणार नाहीत. कोणी काय करायचे हे लिहिले होते, सोडण्याचा निर्णय झाल्यापासून तीन तासांच्या आत रुग्ण बाहेर पडला पाहिजे अशी मुदत होती आणि या कामासाठी १.३ अब्ज पौंडांची तरतूद होती. कर्ता, मुदत, ठिकाण, पैसा हे सारे जागेवर होते.

तरीही तेथे जे घडले ते भयंकर होते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जून २०२० च्या अहवालानुसार १७ मार्च ते १५ एप्रिल या काळात सुमारे २५,००० माणसे रुग्णालयांतून वृद्धांच्या व आश्रितांच्या शुश्रूषागृहांत पाठवली गेली. सर्वांची चाचणी करूनच पाठवण्याचे धोरण १५ एप्रिलला आले. पाठवलेल्यांना चौदा दिवस वेगळे ठेवा, एवढी सूचनाही सुरुवातीच्या दस्तऐवजांत नव्हती. २७ एप्रिल २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने लक्षणविरहित संसर्गाच्या धोक्याचा विचार न केल्याबद्दल हे धोरण त्या मर्यादेत बेकायदेशीर ठरवले. न्यूयॉर्क राज्यातही २५ मार्च २०२० च्या आदेशाने केवळ कोविड आहे म्हणून शुश्रूषागृहांनी रुग्ण नाकारू नये असे बजावले होते. १० मे रोजी ते फिरवावे लागले.

इंग्लंडच्या नियोजनाने रुग्ण कोठून निघतो याचा मिनिटाचा हिशेब ठेवला, पण तो जेथे पोहोचतो त्या दारापलीकडे कोण बसले आहे याचा विचार केला नाही. एक लहानशी गोष्ट सहज म्हणून नोंदवण्याजोगी आहे. तीव्र आजाराच्या रुग्णांसाठी उभारलेल्या प्रचंड रुग्णालयांना तेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव दिले गेले व त्यातले लंडनचे पहिले रुग्णालय एप्रिलच्या आरंभी सुरू झाले. कोविडमधून उठणाऱ्यांच्या पुनर्वसनाचे केंद्र सरे परगण्यात मे महिन्यात सुरू झाले. त्याला नाव होते मेरी सीकोल यांचे. क्रायमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या आणि नंतर शतकभर विस्मृतीत गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचे. इतिहासातला क्रम नियोजनातही तसाच राहिला.

मात्र एक फरक आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. इंग्लंडमध्ये रुग्णालयोत्तर ठिकाण ही नोंदणीकृत संस्था होती. तेथील मृत्यू मोजले गेले, लेखापरीक्षकांनी अहवाल लिहिला, मृतांच्या मुली न्यायालयात गेल्या. आपल्याकडे ते ठिकाण घर होते. घरात चुकलेल्या औषधाची, न मोजलेल्या साखरेची, रात्री दोन वाजता न मिळालेल्या रुग्णवाहिकेची नोंद कोठेच होत नाही. ती त्या घराचे दैव म्हणून जमा होते.

नोंद झालेला एक अपवाद

हे विधान सिद्ध करणारा एक अपवाद आपल्याकडे घडला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार वेगाने पसरला. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडच्या उपचारात दिलेली स्टिरॉइड्स ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. अनेक रुग्णांत तो कोविडमधून बाहेर पडताना किंवा पडल्यावर दिसला. नाक चोंदणे, गाल दुखणे, डोळा सुजणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे घरी दिसत होती आणि घरी ती ओळखणारे कोणी नव्हते. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. त्यानंतर तो मोजला जाऊ लागला आणि जुलैमध्ये संसदेत ४५ हजारांहून अधिक रुग्ण व चार हजारांहून अधिक मृत्यू असा आकडा आला. महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक झळ पोहोचलेल्या राज्यांत होती. रक्तातील साखर घरी तपासावी हे वाक्य सप्टेंबर २०२० च्या संहितेत होते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कोणी द्यायच्या आणि आकडा तीनशेवर गेला तर कोणाला सांगायचे, हे नव्हते.

त्या मे महिन्यात प्रस्तुत लेखिकेच्या सासूबाई अकरा दिवसांनी रुग्णालयातून घरी आल्या. लेखात घरगुती अनुभव आणण्याचा संकोच वाटतो, परंतु येथे तो गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाती आलेल्या कागदावर औषधांची नावे इंग्रजीत होती आणि स्टिरॉइडची गोळी दर पाच दिवसांनी कशी कमी करायची हे संक्षेपचिन्हांत लिहिले होते. सात दिवसांनी भेट असा शेरा होता, पण रुग्णालय पूर्णतः कोविडसाठी राखीव झाल्याने बाह्यरुग्ण विभाग बंद होता. महाविद्यालयाचे ऑनलाइन तास एका कानाने आणि आतल्या खोलीतला खोकला दुसऱ्या कानाने ऐकत ते तीन आठवडे गेले. गल्लीत निवृत्त परिचारिका होत्या. सिस्टरबाईंनी खिडकीतून पालथे कसे झोपवायचे ते दाखवले, औषधांचा कागद वाचून मराठीत वेळापत्रक लिहून दिले आणि साखर रोज तपासायला लावली. आमच्या घरापुरते नियोजन एवढेच होते आणि ते योगायोगाने झाले होते. ज्या गल्लीत सिस्टरबाई नव्हत्या तेथे काय झाले असेल, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

योगायोगाची जागा व्यवस्थेने घेता येते हे केरळने काही अंशी दाखवले. तेथे २००८ मध्येच परिहार सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, राज्य धोरण आले होते आणि पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जात होत्या. कोविडोत्तर चिकित्सालये प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचा निर्णय त्या राज्याला घेता आला, कारण घराकडे जाणारी वाट आधीच मळलेली होती. महाराष्ट्रातही मुंबईसारख्या ठिकाणी महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कोविडोत्तर बाह्यरुग्ण विभाग निघाले. परंतु ज्याला जिना उतरताना धाप लागते त्याने लोकल बदलून तेथे यावे, अशी ती रचना होती. रुग्णालय रुग्णाकडे जाणे आणि रुग्णाने पुन्हा रुग्णालयात येणे यांत जो फरक आहे, तोच या दोन व्यवस्थांत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने कोविडोत्तर गुंतागुंतींविषयी विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे काढली. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, पचनसंस्था, मज्जासंस्था अशी शरीराची वाटणी करून ती डॉक्टरांना उद्देशून लिहिली आहेत. वैद्यकीय दृष्ट्या हा २०२० च्या संहितेहून मोठाच पल्ला आहे; घर मात्र अजूनही संबोधित झालेले नाही.

याउलट युक्तिवाद असा केला जातो की १८ एप्रिल २०२१ रोजी एकट्या महाराष्ट्रात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले असताना खाट रिकामी करणे हाच धर्म होता. तो युक्तिवाद नाकारण्याचे धाडस कोणी करू नये. बाहेर रुग्णवाहिकेत माणूस तडफडत असताना आतल्या बऱ्या होणाऱ्याला उठवावेच लागते. पण पहिली लाट ओसरल्यापासून दुसरी येईपर्यंत मधले काही महिने हाती होते. त्या काळात जंबो केंद्रांच्या खाटांचे हिशेब झाले; घरी जाणाऱ्यांची यादी आशा सेविकेच्या हाती देऊन तिला प्रत्येक भेटीचे मोल ठरवून देता आले असते. तिच्याच मानधनाचा प्रश्न इतका रखडला की जून २०२१ मध्ये, दुसरी लाट पुरती विरण्याआधी, राज्यातील आशांना संपावर जावे लागले.

सासूबाईंचा तो रुग्णालयाचा कागद अजून घरातल्या फाइलमध्ये आहे. त्यावर निदान, तपासण्या, औषधे, डॉक्टरांचा शिक्का असे सारे छापील रकाने आहेत. घराचा उल्लेख तळाशी एकदाच येतो. ‘नातेवाईकाची सही’ असे लिहून पुढे एक आडवी रेघ मारलेली आहे. त्या रेघेवर सही माझी आहे.